बाबांच्या इंडक्शनच्या काचेवर करपलेले डाग, करड्या रेघा आणि मध्येच बंद पडणं – मदत हवी आहे

नमस्कार. बाबा ७८ वर्षांचे आहेत आणि एकटे राहतात. गॅस चालू राहून जाईल ही धास्ती नको म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांना एका भांड्याची, ओट्यावर ठेवायची इंडक्शन शेगडी घेऊन दिली. त्यांना ती छान जमली, दिवसातून तीन-चार वेळा वापरतात. परवा त्यांच्याकडे गेले तर काच ओळखू येईना.

भांड्याच्या साबणाने आणि मऊ स्पंजने अर्धा तास पुसत बसले. वरचा चिकट थर निघाला, पण मधोमध पातेल्याच्या बुडाएवढं तपकिरी-काळं कडं तसंच आहे. कडेला एक टणक, चकचकीत काळा ठिपका आहे. साखर घातलेलं दूध तिथे उतू गेलं होतं, असं बाबा म्हणतात. आणि सगळ्या काचेवर बारीक करड्या रेघा. बाबांनी तारेच्या घासणीने घासलं होतं. तार वापरायची नाही हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, चूक माझीच. पण तेच ओशाळले. "एवढी चांगली वस्तू आणून दिलीस आणि मी खराब केली," असं दोनदा म्हणाले.

शिवाय हल्ली आठ-दहा मिनिटं चालली की ती आपोआप बंद पडते आणि एक अक्षर व आकडा दाखवते. थोड्या वेळाने परत सुरू होते. याचा डागांशी काही संबंध आहे का? काच घासून आणखी बिघडवायची नाही, म्हणून आधी विचारते आहे. आणि मुख्य म्हणजे, बाबांनी ती वापरणं सुरक्षित आहे ना?

– पाऊलवाट

निळी शाई: पाऊलवाट, बाबांना आधी सांगा की दूध प्रत्येकाचं उतू जातं. डागांसाठी लिंबू आणि खाण्याचा सोडा एकत्र टाका, फेस आला की घासा. आमच्याकडे तसंच करतो.

जुनी सायकल: मी घरगुती विजेची उपकरणं दुरुस्त करतो, इंडक्शन रोज हातात येतात. जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी त्या रेघांवरून नख आडवं फिरवून बघा. नख अडकलं तर तो ओरखडा, न अडकता सरकलं तर काचेवर धातू बसलाय. तारेच्या घासणीने बहुतेक वेळा दुसरा प्रकार होतो. काच पोलादाच्या तारेपेक्षा कठीण असते, त्यामुळे तार झिजते आणि तिची पूड काचेवर पेन्सिलीसारखी उमटते. ज्या भांड्यांच्या ॲल्युमिनियमच्या बुडात स्टीलची चकती बसवलेली असते, तीही सरकवली की अशाच करड्या रेघा ओढतात. अशा रेघा निघतात. खरा ओरखडा मात्र कशानेही भरून येत नाही, टूथपेस्टनेही नाही. पण वरवरच्या ओरखड्याने शेगडीच्या कामात काही फरक पडत नाही, दिसायला वाईट एवढंच.

आता कडं. काचेखाली तांब्याची कॉइल असते, तिच्यातून सेकंदाला २०,००० पेक्षा जास्त वेळा दिशा बदलणारी वीज जाते आणि त्यामुळे भांड्याचं बूड स्वतःच तापतं. काच तापते ती भांड्यामुळे. म्हणून बुडाखाली गेलेला प्रत्येक थेंब तिथेच भाजला जातो, तर वीतभर लांब सांडलेलं फडक्याने सहज निघतं. तुमचं कडं म्हणजे दोन वर्षांचे असे थर आहेत, जोर लावून निघायचे नाहीत. त्यांना भिजायला वेळ द्या.

शेगडी बंद करा, आतला पंखा थांबू द्या, मग प्लग काढा. काच पूर्ण गार झाली की गरम पाण्यात भांड्याच्या साबणाचे थेंब टाकून त्यात फडकं बुडवा, घट्ट पिळा आणि कड्यावर १५ मिनिटं पसरून ठेवा. पिळायला विसरू नका, पाणी कडेने आत जाता कामा नये. मग खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाटसर लेप करा, कड्यावर लावा, त्यावर पुन्हा ओलं फडकं ठेवा. १५-२० मिनिटांनी मऊ फडक्याने गोल गोल चोळा. एका दिवसात नाही निघालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घाईने जोर लावला की काच जाते, हे मी खूप वेळा पाहिलंय.

जो थर तरीही राहील त्याला ब्लेडची खरवडणी, काचेसाठी मिळते तीच. ब्लेड काचेवर जवळजवळ आडवं, साधारण ३० अंशांत धरायचं आणि पुढे ढकलायचं. कोपरा टेकवायचा नाही. ब्लेडला गंज किंवा खाच असेल तर नवं घाला.

निळी शाई, सोडा आणि लिंबू दोन्ही कामाचे आहेत, पण वेगवेगळे. एकत्र केले की एकमेकांना मारतात, फेस येतो आणि मागे बहुतेक खारट पाणीच उरतं. सोडा करपलेल्याला आणि तेलकटाला. लिंबू किंवा व्हिनेगर पाण्याच्या पांढऱ्या डागांना, इंद्रधनुष्यासारख्या झाकेला आणि या धातूच्या रेघांना. त्यामुळे आधी सोडा, तो पुसून काढल्यावर व्हिनेगर, शेवटी साध्या ओल्या फडक्याने पुसून कोरडं.

निळी शाई: हे माहीत नव्हतं, धन्यवाद. म्हणजे फेस बघून मला वाटायचं की काम होतंय.

रात्रपाळी: आम्ही काचेवर वर्तमानपत्राचा कागद ठेवून त्यावर भांडं ठेवतो. काच स्वच्छच राहते, घासायची वेळच येत नाही.

जुनी सायकल: रात्रपाळी, कृपया बंद करा हे. बऱ्याच शेगड्यांत काचेच्या खालच्या बाजूला मधोमध तापमान मोजणारा सेन्सर चिकटलेला असतो. मध्ये कागद आला की त्याला उष्णता उशिरा कळते. तेल तापवताना किंवा भांडं रिकामं राहिलं तर बूड २०० अंशांच्या वर सहज जातं, कागद करपतो, पेटूही शकतो. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाला तर ही सवय अजिबात लावू नका.

यावरून आठवलं. पाऊलवाट, जाड थर साचला असेल तर भांडं काचेला नीट टेकत नाही आणि सेन्सरलाही चुकीचं कळतं. पण आठ-दहा मिनिटांनी बंद पडण्याचं कारण मला वेगळं वाटतं. ती नेमकी ठेवली कशावर आहे?

पाऊलवाट: आत्ता फोन करून विचारलं. घसरू नये म्हणून बाबांनी खाली जाड टॉवेल घडी करून ठेवला आहे. आणि मागची बाजू भिंतीला टेकलेली आहे.

जुनी सायकल: मग सापडलं. हवा आत घ्यायची जाळी बहुतेक शेगड्यांत खाली असते, गरम हवा मागून किंवा बाजूने बाहेर जाते. पाय जेमतेम बोटभर उंच. टॉवेलने खालची हवा अडली, भिंतीने मागची. आतला भाग तापला आणि शेगडीने स्वतःला वाचवायला बंद करून घेतलं. आकड्याचा नेमका अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, सोबतच्या पुस्तिकेत बघा, पण लक्षणं तापण्याचीच आहेत.

टॉवेल काढा, सपाट कोरड्या ओट्यावर ठेवा, सगळ्या बाजूंनी १० सेंटिमीटर तरी मोकळी जागा राहू द्या. घसरत असेल तर पायांचे रबर साबणाने पुसा, तेलकट झाले की ते पकड सोडतात. मग प्लग काढून शेगडी उलटी करा आणि जाळीवरची धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा. तेलाच्या वाफेने ती धूळ चिकट होते, म्हणून महिन्यातून एकदा करत जा. जाळीतून तार किंवा स्क्रू ड्रायव्हर आत घालू नका आणि घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज साठलेली असते. झुरळंही उबेला आत शिरतात आणि सर्किट बिघडवतात, त्यामुळे खाली खरकटं राहू देऊ नका. आणि काम झाल्या झाल्या भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असेल तर ती मोडा. पंखा थांबेपर्यंत वीज चालू हवी.

सावली: विषय जरा बाजूचा आहे, पण बाबांना पेसमेकर नाही ना? असेल तर चालू शेगडीपासून साधारण ६० सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगतात. डॉक्टरांना विचारून घ्या.

पाऊलवाट: नाही सावली, पेसमेकर नाही. पण आठवणीने विचारलंत, बरं वाटलं.

पाऊलवाट: चार दिवसांनी लिहिते आहे. शनिवारी-रविवारी बाबांकडेच राहिले. रेघांवर नख कुठेच अडकलं नाही! व्हिनेगरचं फडकं १० मिनिटं ठेवल्यावर निम्म्याहून जास्त गेल्या, दुसऱ्यांदा केल्यावर उजेडात तिरकं बघितलं तरच दिसतात. कडं तीनदा सोडा लावून निघालं, थोडं ब्लेडने. बाबा स्वतः शेजारी बसून फडकं पिळून देत होते. टॉवेल काढल्यापासून शेगडी एकदाही बंद पडलेली नाही, काल २५ मिनिटं सलग चालली.

साखरेचा ठिपका मात्र ब्लेडने निघाला तेव्हा खाली मोहरीच्या निम्म्याएवढा खड्डा दिसला. तिथे नख अडकतं. हे धोकादायक आहे का?

जुनी सायकल: साखर वितळून काचेला धरते आणि गार होताना आकसते, तेव्हा काचेचा कण ओढून काढते. म्हणून साखरेचं काही सांडलं तर तेवढं एक गार होऊ द्यायचं नाही. शेगडी बंद करून, हात भाजणार नाही असं जाड फडकं घेऊन किंवा खरवडणीने कोमट-गरम असतानाच काढायचं. बाकी सगळं गार झाल्यावर.

नुसता खड्डा असेल तर वापरायला हरकत नाही. त्यातून रेघ निघालीये का ते टॉर्च तिरका धरून बघा, आणि पुढचे काही आठवडे बघत राहा. केसाएवढी रेघ दिसली तरी प्लग काढायचा आणि वापर थांबवायचा. तडा गेलेल्या काचेतून उतू गेलेलं थेट विजेच्या भागावर जातं, शॉक बसू शकतो. टेप किंवा गोंद लावून चालवू नका, काच बदलावीच लागते.

पाऊलवाट: टॉर्चने बघितलं, रेघ नाही. बाबांना दाखवून ठेवलंय, दर रविवारी फोनवर विचारणार आहे. तारेची घासणी त्यांनी स्वतःच उचलून न्हाणीघरात ठेवली.