मदत हवी आहे: वळणावर रस्ता आत कललाय, ट्रॉल्या उलटायल्यात. किती उतार बरोबर?

सीमेवरचा_शेतकरी: गावाबाहेरच्या वळणावर नवीन डांबरीकरण झाल्यापासून बाहेरची कड एवढी उचललीय की भरलेली उसाची ट्रॉली आत झुकतेय. परवा एक उलटली, ऊस सगळा ओढ्यात. विचारायला गेलो तर "सगळं नियमात आहे" एवढंच उत्तर. नियम काय आहे ते कुणीतरी एका ओळीत सांगा. सोमवारी अर्ज द्यायचाय.

रस्तारेषा: एका ओळीत कसं सांगू? रस्ता किती रुंद? त्रिज्या किती? सपाटीचा की घाटाचा? आणि उतार मोजलाय का नुसता डोळ्यांनी?

सीमेवरचा_शेतकरी: सपाटीचाच, कर्नाटकातला निपाणी-चिकोडी पट्टा. त्रिज्या मला काय ठाऊक? डोळ्यांना दिसतंय की ओ, ट्रॉली उलटली!

चोर्ला_चालक: दहा टक्क्यांपर्यंत चालतो. मी गोव्याला रोज माल नेतो, चोर्ला घाटात बगा कसली वळणं आहेत. उतार कमी केला तर आमच्या गाड्या बाहेर फेकल्या जातील. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना स्पीडब्रेकर घाला.

रस्तारेषा: दादा, दहा टक्के डोंगराळ भागासाठी, तेही बर्फ न पडणाऱ्या. सपाट आणि चढउताराच्या मुलखात इंडियन रोड्स काँग्रेसची (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) कमाल मर्यादा ७ टक्के आहे, म्हणजे रस्त्याच्या रुंदीच्या शंभरात सात एवढीच बाहेरची कड उंच. आणि वळणाच्या तोंडावर स्पीडब्रेकर घालून भरलेली ट्रॉली आणखी हलवायची का?

शेतकरीदादा, मोजणी अवघड नाही. २० मीटरची दोरी वळणाच्या बाहेरच्या कडेवर दोन टोकांना ताणून धरा. दोरीच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजा. दोरीच्या लांबीचा वर्ग भागिले त्या अंतराची आठपट, ही झाली त्रिज्या, सगळं मीटरमध्ये. उतारासाठी गवंड्याकडची पाणी भरलेली नळी घ्या, दोन्ही कडांच्या उंचीतला फरक सेंटीमीटरात काढा. ट्रॅफिक थांबवायला दोन माणसं उभी करा.

खानापूरकर: अर्ज कन्नडमध्ये द्या, नाहीतर टेबलावरच पडून राहील.

हलगेकर: का म्हणून? गाव मराठी, अर्ज मराठीतच द्यायचा.

खानापूरकर: रस्ता दुरुस्त व्हायला पाहिजे का नको? दोन्ही भाषांत द्या.

अक्काताई_चिकोडी: तुम्ही उतारावरच भांडायलाय. आमच्या भागात वळणावरचे अपघात आतल्या बाजूच्या उभ्या उसामुळं होतात, समोरचं दिसतच नाही. तासाला ६५ किलोमीटर वेगाला थांबायला साधारण ९० मीटर लागतात. त्यातले निम्मे तर ब्रेकवर पाय पडेपर्यंतच जातात, कारण त्यासाठी अडीच सेकंद धरतात. १५० मीटर त्रिज्येच्या वळणावर तेवढं दिसायला आतल्या लेनच्या मध्यापासून पावणेसात मीटर मोकळे पाहिजेत. तिथं काय आहे?

सीमेवरचा_शेतकरी: ताई, ऊस आहे, पण तो विचारलाच नाही मी.

मोजलं. रस्ता ७ मीटर. बाहेरची कड ६५ सें.मी. उंच. दोरीचं मधलं अंतर ३३ सें.मी. आता सांगा.

रस्तारेषा: आता बोलता येईल. ४०० भागिले २.६४, म्हणजे त्रिज्या साधारण १५० मीटर. उतार ६५ भागिले ७००, म्हणजे ९.३ टक्के. सात टक्क्यांना फरक ४९ सें.मी. हवा होता. तुमच्याकडे १६ सें.मी. जास्त आहे.

हे का वाईट ते अर्जात नीट लिहा. मिश्र वाहतुकीसाठी वेग पाऊणपट धरून उतार काढतात: वेगाचा वर्ग भागिले (२२५ गुणिले त्रिज्या), त्याचे टक्के करायचे. ताशी ५० ला ७.४ येतो, ६५ ला १२.५. पण येईल तेवढा द्यायचा नसतो. ७ वर थांबायचं, उरलेलं टायरच्या घर्षणावर सोडायचं, आणि घर्षणाचा आकडा ०.१५ च्या वर जात असेल तर वेगमर्यादेचा बोर्ड लावायचा. ही मर्यादा हळू जाणाऱ्या जड गाड्यांसाठीच आहे. ट्रॅक्टर रांगत जातो तेव्हा बाहेर ढकलणारा जोर जवळजवळ नसतोच. दहा टनांच्या ट्रॉलीचा नऊशे किलोच्या वर भार नुसता आत ओढतो. त्यात ऊस टपापर्यंत रचलेला, आतलं चाक एका खड्ड्यात गेलं की संपलं.

चोर्ला_चालक: मग माझ्या गाडीचं काय?

रस्तारेषा: सात टक्के ठेवून या वळणावर ताशी ६४ पर्यंत हिशेब बसतो. ६० चा बोर्ड लावा, गाडी कुठं जात नाही. शिवाय या त्रिज्येला दुपदरी रस्ता ६० सें.मी. जास्त रुंद पाहिजे. सातच मीटर आहे, तेही अर्जात घाला.

सीमेवरचा_शेतकरी: नळी धरलेला फोटो जोडतो. कन्नड कोण लिहून देणार?

अक्काताई_चिकोडी: मजकूर मला पाठवा, आज रात्री करून देते. आतल्या बाजूचा ऊस मागे घ्यायचं गावात तुम्ही बोला.

चोर्ला_चालक: आणि ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर लावायला सांगा की. रात्री अंगावर आल्याशिवाय दिसत नाहीत.