क्रायोजेनिक म्हणजे नुसते ‘अतिशीत’ नव्हे

वर्तमानपत्रात ‘क्रायोजेनिक’साठी ‘अतिशीत तंत्रज्ञान’ वाचले की मी अडखळते. गोव्यात शीत म्हणजे पानात वाढलेला भात, पण माझा आक्षेप त्यासाठी नाही. पाणी शून्याखाली जाऊनही न गोठता पातळच राहिले, तर त्या अवस्थेला विज्ञानात आधीच ‘अतिशीतन’ म्हणतात. एक शब्द दोन कामांना जुंपला की घोटाळा होणारच.

‘क्रायोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ गोठवणारी थंडी. मात्र शीतगृहात उणे १८ अंशांवर ठेवलेल्या कोळंबीला कोणी क्रायोजेनिक म्हणत नाही. साधारण उणे १५० अंशांच्या खाली, जिथे एरवीचे वायूच पातळ होतात, तिथून या शब्दाचा अंमल सुरू होतो. ऑक्सिजन उणे १८३ला, नायट्रोजन उणे १९६ला, हायड्रोजन उणे २५३ला आणि हेलियम उणे २६९ला द्रव होतो. डच भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनस यांनी १९०८ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये हेलियम द्रवरूप केला. त्याच थंडीत १९११ साली त्यांना पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा झालेला दिसला. एमआरआय यंत्रांतले मोठे चुंबक आज याच गुणावर चालतात.

मी ही थंडी पाहिली ती फोंड्याकडे, शेजारच्या काकींच्या गोठ्यात. कृत्रिम रेतनासाठी आलेल्या माणसाने द्रव नायट्रोजन भरलेल्या ॲल्युमिनियमच्या कॅनचे झाकण काढले. पांढरे धुके वर न चढता कॅनच्या अंगावरून शेणाच्या जमिनीवर ओघळले. चिमट्याने त्याने गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी काढून कोमट पाण्यात धरली. काकी वाकून बघायला लागल्या तसा तो म्हणाला, “काकी, हात लावू नका, भाजेल.” थंडीला ‘भाजणे’! कातडीचे जे होते ते या शब्दात नेमके आले आहे.

अग्निबाणात ही थंडी वापरण्याचे कारण वेगळे. इंधनाच्या हायड्रोजनला वायुरूपात अवाढव्य टाकी लागेल, द्रवरूपात तो मावतो. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाचे पहिले यशस्वी उड्डाण ५ जानेवारी २०१४चे, इस्रोच्या जीएसएलव्ही-डी५ या अग्निबाणाचे.

जुन्या परिभाषेतला ‘नीच तापमान’ अर्थाने चोख होता, पण ‘नीच’ आता शिवी झाली. माझे मत असे: इंजिन ‘क्रायोजेनिक’च राहू दे, विद्याशाखेला ‘अतिनिम्न तापमान तंत्रज्ञान’ म्हणावे. गोठ्यातला तो माणूस तर नुसते “नायट्रोजन भरून आणतो” एवढेच म्हणाला. तुमच्याकडे त्या कॅनला काय म्हणतात?