माडी, माळा की लॉफ्ट?

प्रश्न : जुन्या नाशकातील एका वाड्याची दुरुस्ती होऊन त्यात नऊ सदनिका झाल्या असून, वरच्या मजल्यावरची एक आम्ही घेतली आहे. माहितीपत्रकात तिला ‘हेरिटेज लॉफ्ट, बुटीक कॉन्डोमिनियम’ म्हटले होते. दारावर मराठी पाटी लावायची आहे. योग्य शब्द सुचवावेत.

उत्तर : आपल्याकडे लॉफ्ट म्हणजे स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरावर छताखाली काढलेली सिमेंटची फळी, तिथे सुटकेसी आणि गणपतीच्या आराशीचे सामान ठेवतात. माहितीपत्रकातला लॉफ्ट वेगळा, तो न्यूयॉर्कचा आहे. तेथील सोहो भागातले कारखान्यांचे आणि गोदामांचे मजले ओस पडले, तेव्हा उंच छत, मोठ्या खिडक्या आणि मधे भिंत नसलेली सलग जागा पाहून चित्रकार-शिल्पकार तेथे राहू लागले. १९७१ मध्ये शहराने कलावंतांच्या अशा राहण्याला मुभा दिली आणि १९८२ मध्ये लॉफ्टमधल्या भाडेकरूंसाठी राज्याचा स्वतंत्र लॉफ्ट कायदा झाला. आपल्या वाड्यात कधी यंत्रे चालली नाहीत, माणसेच राहिली. लॉफ्ट म्हटल्याने त्या वास्तूला दुसऱ्याच वास्तूचा इतिहास चिकटतो, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे.

मग माळा म्हणावे का? मुंबईकर ‘तिसऱ्या माळ्यावर राहतो’ असे सहज म्हणतो आणि गुजरातीतही ‘माळ’ म्हणजे मजलाच. परंतु नाशकात माळा ही छपराखालची अडगळीची जागा आहे. आमच्या आजीच्या बोलण्यात हा भेद पक्का होता. ‘माळ्यावर चढ आणि लोणच्याची बरणी काढ’ असे ती मला सांगे, आणि पाहुणे आले की ‘त्यांना माडीवर बसव’ म्हणे. माळ्यावर शिडी लावून चढायचे, माडीवर जिन्याने जायचे. आपल्या घराला जिना आहे, तेव्हा ती माडी. हा शब्द तमिळमध्येही वरच्या मजल्यासाठी आहे, म्हणजे त्याची मुळे दक्षिणेकडे दूरवर गेलेली आहेत. ‘मजला’ शब्दही चुकीचा नाही. तो अरबी ‘मंझिल’वरून, म्हणजे प्रवाशाच्या मुक्कामाच्या जागेवरून आला आहे. परंतु मजला आपण कोणत्याही इमारतीचा मोजतो, माडी मात्र घराचीच असते.

घराच्या आतले शब्दही आताच टिपून ठेवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दुरुस्तीत जुने लाकूडकाम राखले असेल, तर मान वर करून पाहावे : खांबांवर आडवी तुळई, तुळईवर ओळीने कड्या आणि कड्यांवर बसवलेले पाट दिसतील, या सगळ्याला मिळून कडीपाट म्हणतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि जुनी माणसे खोली चौरस फुटांत न सांगता ‘दोन खणांची’, ‘तीन खणांची’ अशी सांगत. सुतार ‘ही कडी बदलावी लागेल’ म्हणतो तेव्हा त्याला दाराची कडी अभिप्रेत नसते, हे घरात राहणाऱ्याला ठाऊक असलेले बरे.

‘कॉन्डोमिनियम’चा लॅटिन अर्थ एकत्र स्वामित्व. आपल्याकडे अशा इमारती महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली येतात. सहकारी सोसायटीत सर्वसाधारणपणे जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते व आपण तिचे भागधारक सभासद असतो. अपार्टमेंटमध्ये सदनिका स्वतःच्या मालकीची राहून चौक, जिना, छप्पर यांत अविभक्त हिस्सा मिळतो. त्यासाठी ‘सहस्वामित्व’ हा शब्द सुचवता येईल, पण मला तो पुस्तकी वाटतो. वाड्यांच्या जुन्या खरेदीखतांत ‘सामाईक जिना’, ‘सामाईक भिंत’ असे शब्द येतच असत. तोच ‘सामाईक’ येथे नेमका बसतो. घोषणापत्रात आणि दस्तात मात्र कायद्याचा शब्द आहे तसाच ठेवावा.

‘बुटीक’ सोडूनच द्यावा. मराठीत तो बायकांचे कपडे शिवून मिळणाऱ्या दुकानाचा शब्द झाला आहे. नऊ घरांचा वाडा म्हटले की पुरे. सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात आता कोणाचे बिऱ्हाड नाही, तरी नाशिककर त्याला वाडाच म्हणतात. आपल्या वाड्यात तर नऊ बिऱ्हाडे नांदणार आहेत.

पुन्हा प्रश्न : आभारी आहे. मात्र आमचे कोकणातले व्याही ‘माडी’ ऐकून हसले. शिवाय ‘माडीवर जाणे’ याचा एक अर्थ चांगला नाही.

उत्तर : कोकणातली माडी माडापासून निघते, तो शब्द निराळा, दोन्ही एकसारखे ऐकू येतात एवढेच. दुसरा अर्थ त्या वाक्प्रयोगाला चिकटलेला आहे. ‘माडीचे घर’ म्हटले की आपल्याकडे सुस्थितीतले कुटुंबच डोळ्यांसमोर येते. तरीही संकोच वाटत असेल तर पाटीवर वाड्याचे जुने नाव, त्याखाली ‘वरची माडी’ आणि मग आपले आडनाव, या क्रमाने लिहावे. वाड्याचे नाव आधी वाचल्यावर माडीचा दुसरा अर्थ कोणाच्या मनात येणार नाही.