घरच्या मिलिंग मशीनचं अलाइनमेंट आणि अपग्रेड: आधी काय करू?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे छोटी बेंचटॉप मिलिंग मशीन आहे, डव्हटेल कॉलमवाली (हेड ज्याच्यावर वरखाली सरकतं तो उभा खांब), आत प्लास्टिकचे गिअर, आणि वर्षभर वापरल्यावर आता वाटायला लागलंय की हिच्यावर जरा खर्च करावा. डोक्यात तीन गोष्टी आहेत: डीआरओ (टेबलची जागा आकड्यात दाखवणारा डिस्प्ले), बॉलस्क्रू (टेबल सरकवणारा, आत गोळ्या असलेला स्क्रू) आणि गिअर काढून बेल्ट ड्राइव्ह. पण खरा त्रास वेगळाच आहे. फ्लाय कटरने (एका धारेचं फिरतं हत्यार) अॅल्युमिनियमचा ब्लॉक सपाट करायला घेतला की प्रत्येक पासच्या कडेला पायरी पडते, नखाला सरळ अडकते. एकेक पास बघितला तर फिनिश छान, पण दोन पास शेजारी आले की कौलांसारखं दिसतं. बॉलस्क्रू टाकले तर हे जाईल का? कोणी केलं असेल तर नीट सांगा, पैसे एकदाच घालायचेत.

जुना फिटर

बॉलस्क्रूने नाही जाणार. तुम्ही पास डावीउजवीकडे, म्हणजे एक्सवर मारताय ना? मग पायरी पडते याचा अर्थ स्पिंडल (कटर धरून फिरणारा दांडा) पुढेमागे कललाय. डावीउजवीकडे कलला असता तर पायरी नसती पडली, पास मधोमध खोलगट झाला असता. म्हणजे तुमच्या ब्लॉकनेच अर्धं निदान करून दिलंय.

आता घाईने कॉलमचे बोल्ट ढिले करू नका. पहिल्यांदा जिब, म्हणजे सरकत्या भागांमधला खेळ काढणाऱ्या पट्ट्या. टेबल, सॅडल (टेबलखालचा पुढेमागे सरकणारा भाग), हेड (स्पिंडल असलेला वरचा भाग) तिन्हीकडचे जिब स्क्रू असे लावा की हँडल फिरवताना हलकासा जडपणा लागेल पण हाताने टेबल हलवलं तर खेळ जाणवणार नाही. ते न करता डायल लावलात तर दर वेळी वेगळं रीडिंग येईल आणि वेड लागायची पाळी येईल.

मग लिव्हर डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) स्पिंडलला बांधा, 200 मिमीचं वर्तुळ होईल इतका हात लांब काढा, मशीन बंद ठेवून स्पिंडल हाताने फिरवा. टेबलच्या टी-स्लॉटमध्ये (खाचांमध्ये) डायलची सुई पडते, म्हणून एकच समांतर ब्लॉक चारही जागी सरकवत त्याच्यावर रीडिंग घ्या, ब्लॉक एकच असला की त्याच्या जाडीची चूक मोजणीत येत नाही. टेबलवरचे बुर (वर आलेले बारीक उंचवटे) आधी ऑइलस्टोनने काढा.

आणि दुसरं माप तेवढंच महत्त्वाचं: टेबलवर गुण्या उभा करा, डायल हेडला लावून त्याच्या उभ्या कडेवर टेकवा आणि हेड वरखाली करा. स्पिंडल टेबलला काटकोनात असणं आणि हेड टेबलला काटकोनात चढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक पहिली बघतात आणि दुसरी सोडून देतात.

धागाकर्ता

रविवार यातच गेला. जिब खरंच ढिले होते, सॅडलचा तर फारच. रीडिंग: डावीउजवीकडे फरक 0.02 मिमी, पुढेमागे 0.12, पुढच्या बाजूला डायल जास्त दाबला जातो. गुण्यावर हेड 150 मिमी वर नेलं तर काटा 0.09 सरकला, हेड वर जाताना माझ्याकडे येतंय. गुण्याच चुकीचा असेल म्हणून उलटा फिरवून दुसऱ्या कडेवर पण बघितलं, तेवढंच आलं.

जुना फिटर

शाबास, गुण्या उलटा करून बघितलात हे फार बरं केलं. आता आकडे जुळवा. 200 ला 0.12 म्हणजे 150 ला 0.09. दोन्ही मापं एकच सांगताहेत, म्हणजे हेड कॉलमवर बरोबर बसलंय आणि अख्खा कॉलमच पुढे झुकलाय. गुण्यावर काटा हलला नसता तर मी शिम (बारीक पत्र्याची पट्टी) हेडच्या मागे घालायला सांगितलं असतं, कॉलमला हात लावू दिला नसता.

कॉलमच्या पुढच्या आणि मागच्या बोल्टमधलं अंतर मोजा. समजा 150 आहे, तर पुढच्या बोल्टखाली 0.09 ची शिम. पितळी शिम पट्टी मिळाली तर उत्तम, नाहीतर कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा साधारण 0.1 असतो, मायक्रोमीटरने मोजून घ्या. बोल्ट तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळा आणि पूर्ण आवळल्यावरच परत रीडिंग घ्या, बीड (ओतीव लोखंड) पण आवळताना वाकतं. आणि बोल्ट ढिले करायच्या आधी हेड अगदी खाली आणून लाकडावर टेकवा, मोकळ्या कॉलमवर वर राहिलेलं हेड म्हणजे हात गमावायचा धंदा.

सुट्टीतला कारागीर

अपग्रेडबद्दल माझं मत देतो. हातानेच चालवणार असाल तर बॉलस्क्रू घेऊ नका. त्यात घर्षण इतकं कमी असतं की कटरच्या जोराने टेबल आपोआप सरकू शकतं, साधा लीडस्क्रू स्वतःच अडून राहतो. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) करायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मोटर धरून ठेवते. तुमच्यासाठी डीआरओ पहिला. तो टेबल खरं कुठे आहे ते दाखवतो, त्यामुळे स्क्रूमधला बॅकलॅश (हँडल उलटं फिरवताना लागणारा मोकळा खेळ) मोजमापात येत नाही. फक्त लक्षात ठेवा, बॅकलॅश जातो असं नाही, क्लाइंब कट (कटरचे दात टेबलच्या सरकण्याच्या दिशेनेच फिरतात तो) घेतला तर कटर टेबल ओढणारच. एक्सची मोजपट्टी मॅग्नेटिक घ्या, बारीक असते, टेबलच्या मागे बसते आणि वायचा (पुढेमागचा) प्रवास फारसा खात नाही.

बेल्ट ड्राइव्ह नंतर करा पण कराच. आवाज एकदम उतरतो आणि कटर अडकला तर गिअरचा दात तुटण्याऐवजी बेल्ट घसरतो. प्लास्टिकच्या जागी लोखंडी गिअर टाकायच्या भानगडीत पडू नका, मग पुढचं काहीतरी महाग तुटतं.

धागाकर्ता

कळवायला उशीर झाला. बोल्टमधलं अंतर 140 निघालं, हिशोबाने 0.084, मी 0.08 ची पट्टी घातली. पहिल्यांदा आवळल्यावर डावीउजवीकडचं 0.05 झालं होतं, परत ढिलं करून उजवा पुढचा बोल्ट शेवटी आवळला तेव्हा बसलं. आता पुढेमागे 0.01, डावीउजवीकडे 0.02. तोच ब्लॉक परत मारला, दोन पासमधली रेघ डोळ्याला दिसते पण नखाला लागत नाही, आणि कटरच्या खुणा दोन्ही दिशांनी एकमेकींना छेदताना दिसतात, आधी एकाच बाजूच्या असायच्या. बॉलस्क्रू रद्द. डीआरओच्या पट्ट्यांसाठी वायचा प्रवास मोजून ठेवलाय, 130 मिमी. उद्या वाइस (काम धरायचा शिकंजा) डायलवर सरळ करून घेतो.