अंगण म्हणजे ‘वाया गेलेली जागा’?

कौलारू: परवा इथे एकाने लिहिलं, “प्लॉट माझा, पैसा माझा. अंगण म्हणजे वाया गेलेली जागा, नियमात बसेल तेवढं बांधा.” गप्प बसणार होतो, राहवेना. आमच्या शेजारचं बैठं घर पाडून तेवढ्याच प्लॉटवर तीन मजले चढले. मधल्या बोळात अंग तिरकं करून शिरावं लागतं. आमच्या स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा. गंमत म्हणजे त्यांच्या त्या बाजूच्या खिडक्यांचे पडदे कधीच उघडत नाहीत, कारण समोर आम्ही! मग खिडक्या ठेवल्या कशाला?

दुमजली: तो प्रतिसाद माझा. घरात सहा माणसं, त्यात दोघांचं काम घरून. खोल्या काय कुंडीत उगवू? आणि तुमचा उजेड शेजाऱ्याच्या प्लॉटवरून फुकट येत होता, तो तुमच्या नावावर नव्हता.

मोजपट्टी: उजेड राहू दे, पाण्याचं बोला. दीडशे चौरस मीटर छपरावर ४० मिलिमीटर पाऊस म्हणजे ६,००० लिटर. माती असती तर बरंचसं मुरलं असतं. तुम्ही उरलेल्या पट्ट्यातही फरशी घातली असणार. आम्ही उताराला खाली आहोत, वरच्यांची हौस दर पावसाळ्यात आमच्या पायाशी येते.

दुमजली: शोषखड्डा केलाय.

मोजपट्टी: गाळ कधी काढलात?

तिरकस: शोषखड्डा गेला खड्ड्यात. बोळातल्या एसीच्या डब्यांवर कुणीच बोलत नाही! खोलीतली उष्णता आणि वर यंत्राने खाल्लेल्या विजेचीही, सगळी शेजाऱ्याच्या खिडकीत. आमच्याकडे असे चार डबे रोखलेत. रात्रभर घरघर.

दुमजली: मग तुम्हीही एसी लावा.

तिरकस: वा! तुमच्या गरम हवेवर उतारा म्हणून मी बिल भरू?

कौलारू: अहो, विषय बांधकामाचा होता…

तिरकस: हाच विषय आहे. बोळात हवा खेळत नाही, डबा स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. म्हणजे बिल यांचंही वाढतं, फक्त हे कबूल करत नाहीत.

दुमजली: माझ्या बिलाची काळजी तुम्ही करू नका. शेजाऱ्यांशी पटत नाही म्हणून इथे राग काढताय.

तिरकस: पटायला ते दिसायला हवेत. मला डबेच दिसतात.

उंबरठा: भांडा निवांत. आम्ही हौसेने पाच खोल्या बांधल्या, मुलं बाहेर गेली. आता दोन खोल्यांत राहतो, तीन खोल्यांतली धूळ पुसतो. गुडघे गेल्यापासून वरचा मजला बघितलेला नाही. मोगऱ्याची जागा मात्र जिन्याने खाल्ली, ती रोज आठवते.

दुमजली: तुमचं ऐकून वाईट वाटलं, पण आमची मुलं अजून घरातच आहेत. बरं, दोन डबे गच्चीवर नेतो. तेवढंच. भिंत तसूभर हलणार नाही.

तिरकस: उपकार झाले. पण तुम्ही माझे शेजारी नाही हो!