डॉली पार्टनच्या कारकिर्दीचं प्रदर्शन: आईला डॉलीवूडला न्यावं की नॅशव्हिलला?

रेवा_अटलांटा
नमस्कार मंडळी. आई साताऱ्याहून आली आहे, पावसाळा संपेपर्यंत इथेच आहे. वय पंचाहत्तर, इंग्रजी जेमतेम, पण गाण्याचा कान पक्का. घरात अमेरिकन कंट्री गायिका डॉली पार्टन लागली की हातातली भाजी बाजूला ठेवून ऐकत बसते. ही कुठली, आईवडील काय करायचे, सगळं विचारून झालंय. तिला डॉलीच्या कारकिर्दीचं प्रदर्शन दाखवायचं आहे. टेनेसीतल्या पिजन फोर्जला डॉलीच्या डॉलीवूड पार्कमध्ये २०२४ साली उघडलेलं ‘डॉली पार्टन एक्स्पीरियन्स’ बरं, की नॅशव्हिलचं कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम हे संग्रहालय? दोन्हीकडे गाडीने साधारण चार तास. गुडघ्यांमुळे एकच जमेल. खाण्याचंही सांगा, ती शुद्ध शाकाहारी आहे.

स्मोकीकर
रेवाताई, डॉलीवूड. आई जे प्रश्न विचारताहेत त्यांची उत्तरं तिथे आहेत.

मात्र थेट प्रदर्शनात शिरू नका. आधी पार्कमधलं ते लाकडी घर दाखवा. डॉलीच्या लहानपणीच्या घराची ती प्रतिकृती आहे. तिच्या भावाने बांधली आणि आतली मांडामांड आईने केली. बारा भावंडांतली डॉली चौथी, जन्म १९४६ चा, घरात वीज नाही, नळ नाही. जन्माच्या वेळी डॉक्टरांची फी म्हणून वडिलांनी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं होतं. त्या डॉक्टर थॉमस यांच्या नावाचं छोटं चर्च तिथेच आहे. हे पाहून मग प्रदर्शनातले खड्यांचे झगमगते पोशाख पाहिले की ती बाई कुठून कुठे आली हे इंग्रजी न येणाऱ्यालाही कळतं. उलट क्रमाने गेलात तर नुसते कपडे पाहिल्यासारखं होईल.

जाण्याआधी आईंना चिंध्यांच्या कोटाची गोष्ट मराठीत नक्की सांगा. डॉलीच्या आईने चिंध्या जोडून कोट शिवला, शाळेत पोरं हसली, आणि त्यावर डॉलीने ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ लिहिलं, १९७१ चं गाणं. सुचलं तेव्हा कागद नव्हता, म्हणून ती ज्याच्या कार्यक्रमात गायची त्या गायक पोर्टर वॅगनरच्या कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीवर लिहून काढलं. गोधड्या शिवलेल्या बाईला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

वाद्यवेडा
माझं मत थोडं वेगळं. डॉलीवूड शेवटी करमणुकीचं पार्क आहे. प्रदर्शनाला वेगळं तिकीट नाही, पार्कचंच पूर्ण तिकीट काढावं लागतं, आणि पाळण्यांत बसायचं नसेल तर ते महाग पडतं. गायिका म्हणून तिचं काम समजून घ्यायचं तर नॅशव्हिल. हॉल ऑफ फेमच्या तिकिटासोबत आरसीए स्टुडिओ बी या जुन्या ध्वनिमुद्रण स्टुडिओची फेरी घ्या. तिथे संग्रहालयाच्या बसनेच नेतात. पोर्टरचा कार्यक्रम सोडताना लिहिलेलं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ तिने १९७३ मध्ये त्याच खोलीत गायलं. पुढे गायक एल्व्हिस प्रेस्लीला ते हवं होतं, पण त्याच्या मॅनेजरने प्रकाशनाचे अर्धे हक्क मागितले आणि हिने ठाम नकार दिला. तो नकार मला तिच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठा वाटतो. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गायलं तेव्हा हक्क डॉलीकडेच होते.

स्मोकीकर
@वाद्यवेडा, स्टुडिओबद्दल शंभर टक्के मान्य. पण ती सगळी गंमत गाइडच्या बोलण्यात आहे, आणि ते इंग्रजीत. रेवाताईंना सतत कानाशी भाषांतर करत बसावं लागेल.

नॉक्सव्हिलची_माई
आम्ही सासूबाईंना घेऊन जातो, म्हणून व्यवहाराचं सांगते. पार्क चढउताराचं आहे, व्हीलचेअर दारातच भाड्याने घ्या. ६२ च्या पुढे तिकिटात सवलत आहे. काही दिवस पार्क बंद असतं, तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर बघा. उन्हाळ्यात दार उघडतानाच आत शिरा, दुपारी उन्हाचा त्रास होतो. शेंगांची भाजी, पालेभाजी दिसली तरी विचारून घ्या. इकडे त्यात सर्रास डुकराचं मांस घालून शिजवतात. मी दशम्या आणि चटणी नेते, गाडीत ठेवून मधे बाहेर येऊन खातो.

आणि ‘इमॅजिनेशन लायब्ररी’बद्दल आईंना जरूर सांगा. डॉलीच्या वडिलांना लिहितावाचता येत नव्हतं, त्यावरून तिने १९९५ मध्ये आपल्या सेव्हिअर काउंटीत ही योजना सुरू केली. जन्मापासून पाच वर्षांपर्यंत दरमहा एक पुस्तक घरपोच, फुकट. २०१८ मध्ये दहा कोटी पुस्तकं वाटून झाली. माझ्या नातीलाही ती पुस्तकं येत होती. माझ्या लेखी तिच्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात मोठं काम आहे, प्रदर्शनात गाण्यांचा गाजावाजा कितीही असो.

रेवा_अटलांटा
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉलीवूड ठरलं, आधी घर आणि मग प्रदर्शन. मक्याच्या पिठाची गोष्ट आईला आत्ताच सांगितली, तर म्हणाली, आमच्याकडे सुईणीला पायली-पायली ज्वारी द्यायचे. वाद्यवेडा, स्टुडिओ मी आणि नवरा दिवाळीनंतर करू. माई, मुक्काम पिजन फोर्जला करावा की सेव्हिअरव्हिलला? स्वयंपाकघर असलेली खोली हवी आहे.

नॉक्सव्हिलची_माई
सेव्हिअरव्हिल. रहदारी कमी, आणि कोर्टाच्या आवारात डॉलीचा पुतळाही आहे, तिथे आईंचा फोटो काढता येईल. खोलीचं वैयक्तिक निरोपात कळवते.