‘दी’ म्हणजे ऊर्फच का? क्वेबेकच्या आडनावांबद्दल

प्रश्न :
माझी सून क्वेबेकची, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंचभाषक प्रांतातली. नातवंडांसाठी दोन्ही घरांची वंशावळ लिहायला घेतली आहे. आमची बाजू झाली, तिच्या बाजूला अडलोय. तिच्या एका पूर्वजाचं नाव लग्नाच्या नोंदीत ‘हुदों दी बोल्यो’ असं आहे. त्याच्याच एका मुलाच्या बाप्तिस्म्यात नुसतं ‘हुदों’, दुसऱ्याच्या बाप्तिस्म्यात नुसतं ‘बोल्यो’. या ‘दी’ला मराठीत काय म्हणावं? ऊर्फ? टोपणनाव?

उत्तर १ :
टोपणनाव नको. ‘दी’ या फ्रेंच शब्दाचा शब्दशः अर्थ ‘म्हटलेला’, म्हणजे ‘ज्याला अमुक म्हणतात तो’. लिहिताना शेवटी ‘त’ असतो, तो उच्चारत नाहीत. बाईच्या नावाशी आला की ‘दीत’ होतो आणि ‘त’ ऐकू येतो. शब्द एकच.

‘ऊर्फ’ चालेल, पण एक फरक ध्यानात ठेवा. आपलं ऊर्फ बहुतेकदा त्या माणसापुरतं असतं. ‘रामचंद्र ऊर्फ बापू’ म्हटलं, तर बापू हे नाव मुलाकडे जात नाही. ‘दी’नंतरचं नाव मात्र घराण्याला चिकटतं. पुढच्या पिढ्या कधी दोन्ही नावं लावतात, कधी पहिलं, कधी दुसरंच. आपल्याकडे भटांचे पेशवे झाले, त्याच्या जवळ जाणारा हा प्रकार आहे.

यातली बरीच नावं लष्करातून आली. १६६५ साली फ्रान्सच्या राजाने कारिन्यां-सालिएर ही पलटण तिकडे पाठवली. सुमारे १२०० शिपायांपैकी चारेकशे तिथेच स्थायिक झाले. शिपायांना पलटणीतली नावं असत, आणि काय एकेक नावं! सांसुसी म्हणजे बिनघोर, लादूसर म्हणजे गोडवा, त्रांशमोंतान्य म्हणजे डोंगर कापणारा. आज ही साधी आडनावं आहेत. पण सगळीच ‘दी’ नावं शिपायांची नाहीत. काही मूळ गावावरून किंवा जमिनीवरून पडली, काही एकाच आडनावाच्या दोन घरांत फरक कळावा म्हणून.

मोठं उदाहरण द्यायचं तर विल्फ्रिड लोरिए, १८९६ ते १९११ कॅनडाचे पंतप्रधान. त्यांचे फ्रान्सहून आलेले पूर्वज होते फ्रांस्वा कोतिनो दी शाँलोरिए. कोतिनो गळालं, शाँलोरिएचंही लोरिए उरलं. नुसत्या ‘लोरिए’वर शोधत बसणाऱ्याला हे फ्रांस्वा सापडायचे नाहीत. तेव्हा हुदों आणि बोल्यो दोन्ही शोधा, आणि एक नाव गायब झालं म्हणून वंश खुंटला असं समजू नका.

उत्तर २ :
वरच्या उत्तरात बायकांचं राहिलं, आणि माझ्या मते शोधणाऱ्याला सगळ्यात मोठा आधार तोच आहे. तिथल्या कॅथलिक नोंदवहीत बाई लग्नानंतरही माहेरच्याच आडनावाने येते. बाळाच्या बाप्तिस्म्यात आईचं माहेरचं नाव, लग्नात वधूच्या आईचंही, दफनाच्या नोंदीतही तेच. आईच्या नावावरून भावंडं जुळवा, म्हणजे वडील एकदा हुदों आणि एकदा बोल्यो दिसले तरी घर एकच आहे हे पटेल. १९८१पासून तर क्वेबेकमध्ये लग्नानंतर दोघांनीही आपापलंच आडनाव चालवायचं, असा कायदाच आहे.

आणखी एक. एकोणिसाव्या शतकात बहुतेक मुलग्यांच्या बाप्तिस्म्याच्या नावात ‘जोसेफ’ आणि मुलींच्या नावात ‘मारी’ असायचं. घरात हाक मारायचं नाव सहसा शेवटचं. एका घरात चार जोसेफ दिसले तर घाबरू नका.

प्रश्नकर्ता :
दोघांचे मनापासून आभार. मग तक्त्यात ‘हुदों ऊर्फ बोल्यो’ लिहितो. यातली एक शाखा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला गेली होती, तिचंही असंच चालेल ना?

उत्तर १ :
ऊर्फ लिहा, पण प्रत्येक नोंदीतलं नाव जसं आहे तसं शेजारी उतरवा. मॅसॅच्युसेट्सकडे गेलेल्यांचं प्रकरण आणखी वेगळं. गिरण्यांत कामाला गेलेल्या कित्येकांनी आडनावाचं चक्क भाषांतर केलं. ब्वावेरचे ग्रीनवुड झाले, र्वाचे किंग झाले. तिथे ‘दी’ कुठेच लिहिलेला नसतो. अशा शाखेसाठी आधी तिकडच्या फ्रेंच चर्चमधली लग्नाची नोंद काढा. तिच्यात दोघांच्या आईवडिलांची नावं असतात, आणि ती बरेचदा जुन्या फ्रेंच रूपातच सापडतात.